घरातलं संगीत, भाग ६ : वॉट वाढवण्याआधी

सिस्टीमचा आवाज पुरत नाही, वाढवला की फाटतो. मग जास्त वॉटचा ॲम्प्लिफायर घ्यावा का? हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि बहुतेकांना मी सांगतो, एवढ्यात नको.

कारण गणितात आहे. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला एवढा फरक जाणवतो, पण फार नाही. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. ५० वॉटचा ॲम्प्लिफायर काढून १०० वॉटचा आणला, तर एवढ्या खर्चातून हाती येतात ते ३ डेसिबल.

आता स्पीकरच्या माहितीपत्रकातला एक आकडा बघा. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. १ वॉट दिला तर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. आजच्या लहान स्पीकरमध्ये तो बहुधा ८४ ते ८८ असतो. ८४ च्या जागी ९० डेसिबलचा स्पीकर आला, की तोच ५० वॉटचा ॲम्प्लिफायर २०० वॉटचं काम करतो. दुकानात लोक वॉट विचारतात आणि हा आकडा विचारायचा राहून जातो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या पीएमपीओ वॉटकडे तर बघूच नका. त्या मोजमापाला कुठलंही मान्य प्रमाण नाही. आरएमएस वॉट किती, ते किती ओहमला आणि दोन्ही चॅनल चालू असताना मिळतात का, एवढंच विचारा.

मग सगळेच स्पीकर ९५ डेसिबलचे का बनवत नाहीत? इथे या विषयाचा गाभा आहे. अमेरिकेत आर्कन्सा राज्यातल्या होप या गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये ‘क्लिप्शहॉर्न’ नावाचा स्पीकर बनवायला घेतला. कपाटाएवढं खोकं, आत घडी घातलेला भोंगा, आणि त्या भोंग्याचा शेवटचा भाग म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातल्या दोन भिंती. त्याची सेन्सिटिव्हिटी कंपनी १०५ डेसिबल सांगते. थोड्या वॉटांत घर भरून जाई, पण त्यासाठी घरात दोन मोकळे कोपरे हवेत. १९५४ मध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी नेमकी उलटी वाट धरली. त्यांच्या ‘एआर-१’ या स्पीकरमध्ये बंद पेटीतली हवाच पडद्याला स्प्रिंगसारखी मागे खेचत होती. त्यामुळे पुस्तकांच्या कपाटात मावणाऱ्या पेटीतून खोल खर्ज निघू लागला, पण त्याला ॲम्प्लिफायर दणकट लागू लागला. या दोन टोकांमधला हिशेब पुढे अँटन हॉफमन यांनी मांडला. ‘केएलएच’ या कंपनीच्या नावातला ‘एच’ त्यांचाच. लहान पेटी, खोल खर्ज आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. तिन्ही एकत्र देतो असं सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

आता फाटण्याबद्दल. नेहमीच्या ऐकण्यात ॲम्प्लिफायर सरासरी १ वॉटच्या आसपासच खर्च करत असतो. पण अभंगात पखवाजावर थाप पडते किंवा टाळ एकदम उसळतात, तेव्हा तेवढ्या क्षणापुरती पातळी १५ ते २० डेसिबल वर जाते. म्हणजे मागणी ३० ते १०० वॉटांवर पोचते. ॲम्प्लिफायरकडे तेवढा दम नसेल तर ध्वनिलहरींचे शेंडे सपाट कापले जातात. कापलेल्या लहरीतून मूळ संगीतात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि ते ट्वीटरवर, म्हणजे वरचे स्वर काढणाऱ्या छोट्या स्पीकरवर, जाऊन पडतात. छोट्या ॲम्प्लिफायरचं बटण शेवटपर्यंत पिळून ट्वीटर जळतात, ते यामुळेच. बटण अर्ध्याच्या पुढे गेल्यावर झांजा चरचरू लागल्या तर लगेच मागे या. स्पीकर कमी सेन्सिटिव्हिटीचा असेल आणि पेटी लहानच हवी असेल, तर मात्र जास्त वॉट घेणं योग्य आहे.

तारा जोडताना लालला लाल आणि काळ्याला काळं जुळलंय ना, हे आजच बघा. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तर एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, दोघांचे खर्ज एकमेकांना मारतात आणि गायकाचा आवाज मध्यावर न ठरता खोलीभर पसरतो. वायर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची असली की साध्या खोलीला पुरते. महागड्या केबलवर पैसे घालू नका.

राहिली खोली. आपल्या घरांत खाली गुळगुळीत फरशी, समोर काच आणि चारी भिंती उघड्या असतात. स्पीकरमधून सरळ येणाऱ्या आवाजामागोमाग परावर्तित आवाज कानावर आदळतात आणि बोल गढूळ होतात. खाली जाड सतरंजी घाला. मग बसायच्या जागी बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा फिरवायला सांगा. आरशात स्पीकर दिसेल त्या जागी पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा हवा. स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, कोपऱ्यातून बाहेर काढा आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा. खुर्चीही पुढे घ्या. अंतर निम्मं केलं की सरळ येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. वॉटमध्ये मोजाल तर ही चौपट शक्ती झाली, आणि ती फुकट मिळते.

हे सगळं करून आठवडाभर ऐका. तरीही आवाज अपुरा वाटला तर दुकानात जाताना स्वतःच्या आवडीचं, पूर्ण पाठ असलेलं एक ध्वनिमुद्रण सोबत न्या आणि सेन्सिटिव्हिटीचा आकडा मागून घ्या. पुढच्या भागात सबवूफर.