मरणोन्मुख डिस्क आणि तीवरील ठेव

लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास बहुधा ५४०० फेरे घेते. वाचणारें शीर्ष तिच्यावर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनहि कमी अंतरावर तरंगतें. टकटक ऐकूं आल्यास यंत्र तत्काळ बंद करावें व डिस्क जाणकाराच्या हातीं द्यावी. शीर्ष घासलें तर तबकडीवरील लेप खरवडतो, आणि दिवंगत आजीचें एकुलतें छायाचित्र कायमचें जातें. टकटक नसून केवळ वाचन मंदावलें असेल, तर प्रथम सबंध डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरावी. ‘डीडीरेस्क्यू’ ही आज्ञावली सुवाच्य भाग आधीं उचलते, अवघड भागांकडे मागाहून वळते. दुरुस्तीचे प्रयोग नकलेवरच करावेत. मूळ डिस्कवर कांहींहि लिहूं नये. दुसरी प्रत वेळींच करून ठेवणाऱ्या घरास मात्र ही धांवपळ करावी लागत नाहीं.