घडी चुकली की काम अडलं

टेट्राहायमेना हा गोड्या पाण्यातला एकपेशीय जीव. त्याच्या आरएनएचा एक तुकडा प्रथिनाच्या मदतीविना स्वतःला कापून घेतो, हे थॉमस चेक यांनी १९८२ मध्ये दाखवलं. पण कापण्याआधी या सुमारे ४०० अक्षरांच्या धाग्याची घडी बसावी लागते. कण्यावर सगळीकडे ऋण प्रभार, म्हणून भाग एकमेकांना ढकलतात; मॅग्नेशियमचे धन आयन आले की ही ढकलाढकल थांबते. एक भाग काही सेकंदांत जमतो, बाकीच्या गाभ्याला मिनिटं लागतात. गंमत म्हणजे परीक्षानळीत बहुतेक रेणू चुकीच्या घडीत अडकतात, आणि ती दिसते अगदी अस्सलसारखी! नऊवारीचा काष्टा चुकला तर सोडूनच पुन्हा नेसावी लागते, तसंच हे. थोडा युरिया घातला की घडी सैलावते आणि रेणू लवकर सुटतो.