बुरशीवरचं औषध : एकाचं दुसऱ्याला चालेल?

पावसाळ्यात डब्यातल्या पावावर काळसर बुरशी दिसली की आपण तो टाकून देतो. तिच्याच जातकुळीतली बुरशी माणसाच्या नाकात, डोळ्यामागे वाढू लागली तर?

२०२१ मध्ये आमच्या लालबागच्या चाळीतल्या एका वहिनींकडे तसंच झालं. यजमानांना मधुमेह, त्यात कोरोना, त्यावर स्टेरॉइड. गाल सुजला, तपासणीत म्युकर निघाला. ऑपरेशन ठरलं, सोबत ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शनं. नेमकी तीच तेव्हा बाजारात मिळेनात. वहिनींच्या नात्यातल्या एका बाईंना रक्ताच्या कर्करोगात फुप्फुसाला बुरशी झाली होती. त्या व्होरिकोनॅझोलने बऱ्या झाल्या होत्या. "मग आमच्या ह्यांनाही त्याच गोळ्या द्या ना!" वहिनी डॉक्टरांना म्हणाल्या.

कुणीही हेच म्हटलं असतं. पण त्या बाईंची बुरशी ॲस्परजिलस. तिच्यावर व्होरिकोनॅझोल उत्तम. म्युकरवर मात्र ते चालतच नाही. म्हणून तर नाकातला तुकडा काढून तपासतात. तेव्हा घरात असा प्रसंग आलाच तर "बुरशी कुठली?" हे आधी विचारा, औषधाचं नाव मागाहून.

दुसरा प्रश्न मूत्रपिंडाचा. साधं ॲम्फोटेरिसिन गुणकारी, पण मूत्रपिंडाला जाचक; रक्तातलं पोटॅशियमही उतरतं. तेच मेदाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळून दिलं की जाच पुष्कळ कमी होतो. असं भारतीय औषध घडवण्यात आपल्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोठा वाटा आहे. रोज त्या फाटकावरून जातो आपण, पण ठाऊक असतं का?

सलाइनऐवजी ग्लुकोजची बाटली पाहून वहिनी हादरल्या. साखरेच्या रोग्याला ग्लुकोज? सिस्टरांनी समजावलं, "मिठाच्या पाण्यात हे औषध नासतं. साखर आम्ही इन्शुलिनने सांभाळू." नासणं म्हटल्यावर वहिनींना लगेच पटलं!

प्रकृती सुधारल्यावर पोसॅकोनॅझोलच्या गोळ्या आल्या. त्या जेवणासोबत घ्यायच्या. व्होरिकोनॅझोल मात्र जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. मूत्रपिंड बदललेल्या रोग्याच्या घरी तर आणखी जपावं लागतं. या गोळ्यांनी त्याच्या नेहमीच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून डॉक्टरांना सगळ्या पुड्या दाखवा, आयुर्वेदिकसुद्धा.

यजमानांचा एक डोळा गेला, जीव वाचला. गोळीची वेळ चुकू नये म्हणून वहिनी ती त्यांच्या ताटातच, मिठाच्या जागी वाढायच्या.