एकाच पालिकेच्या शाळा, मग न्याय वेगळा का?

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की मुंबईच्या वस्त्यावस्त्यांत एकच चर्चा सुरू होते. कोणती शाळा चांगली? धुणीभांडी करणारी आई, नाक्यावर कामाची वाट पाहणारा बाप, कंत्राटी सफाई कामगार, सगळेच आपापल्या परीने शाळांची तुलना करीत असतात. पाटी इंग्रजीत आहे का, गणवेशाला टाय आहे का, दाराशी बस येते का, यावरून शाळेची किंमत ठरते. फी झेपली तर खासगी, नाही झेपली तर पालिकेची. आता मात्र पालिकेच्या शाळांमध्येही तुलना करण्याची पाळी आली आहे, कारण पालिकेनेच आपल्या शाळांचे दोन वर्ग करून ठेवले आहेत.

बृहन्मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तामीळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शिक्षण देते. २०२० मध्ये तिने जोगेश्वरीच्या पूनम नगरात सीबीएसईची आणि माटुंग्याच्या वुलन मिल शाळेत आयसीएसईची शाळा सुरू केली. २०२१ मध्ये सीबीएसईच्या आणखी दहा शाळा निघाल्या. दादरचा भवानी शंकर मार्ग, शीवचे प्रतीक्षा नगर, चेंबूरची अझीझ बाग, विक्रोळीचे हरियाली व्हिलेज, मुलुंडचे मिठागर ही त्यांतली काही ठिकाणे. पुढे माटुंग्यात केंब्रिज मंडळाची आणि विलेपार्ल्यात आयबीची शाळा आली. पालिकेच्या साऱ्या शाळांवर 'मुंबई पब्लिक स्कूल' अशी नवी पाटी लागली.

या शाळांना आपला विरोध असण्याचे कारण नाही. जे शिक्षण धनिकांची मुले लाखो रुपये मोजून घेतात, ते कामगाराच्या मुलाने फुकट का घेऊ नये? जरूर घ्यावे! प्रश्न वेगळाच आहे. जागा थोड्या आणि अर्ज भरमसाट, म्हणून या शाळांचे प्रवेश सोडत काढून दिले जातात. म्हाडाच्या घराची सोडत निघते हे आपण समजू शकतो. पण २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आहे. मूलभूत हक्काची सोडत निघते काय? ज्याची चिठ्ठी निघाली त्याचे नशीब उजळले. ज्याची निघाली नाही, तो त्याच विभागातल्या, कित्येकदा त्याच संकुलातल्या जुन्या शाळेत जातो. पालिका एकच, करदाते तेच, मुलेही एकाच गल्लीतली. मग न्याय वेगळा का?

तेव्हा तुलना करायचीच तर ती कायद्याची फूटपट्टी हातात घेऊन करा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याची अनुसूची प्रत्येक पालकाने वाचावी अशी आहे. पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक. पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा, सहावी ते आठवीला २२० दिवस. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, ग्रंथालय, मैदान, अपंग मुलांना जाता येईल अशी वाट. या गोष्टी सीबीएसईच्या शाळेला लागू आणि मराठी-उर्दू शाळेला माफ, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.

पालिका मुलांना २७ शालोपयोगी वस्तू फुकट देते. दप्तर, वह्या, बूट, रेनकोट, सगळे काही. वस्तू जरूर द्याव्यात, पण वेळेवर द्याव्यात. अर्धा पावसाळा सरल्यावर मिळालेल्या रेनकोटचा काय उपयोग? आणि दप्तर मिळाले म्हणजे शिक्षण मिळाले असे होत नाही. वर्गावर कायमचा शिक्षक आहे की दोन वर्ग एकाच शिक्षकाच्या गळ्यात आहेत? शिक्षक वर्गात असतो की सर्वेक्षणाच्या कागदांत बुडालेला असतो? जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकांना शिक्षणेतर कामाला जुंपता येत नाही, असे कायद्याचे कलम २७ सांगते. आणि शेवटच्या बाकावरचे मूल चौथीत धडा वाचते का? शाळेची खरी परीक्षा त्या मुलावरून होते.

आणखी एक प्रश्न पालक सहसा विचारीत नाहीत. आठवीनंतर काय? पालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने माध्यमिक शाळा फार थोड्या आहेत. कायद्याचे संरक्षणही चौदाव्या वर्षी संपते. म्हणजे मुलगी वयात येते, घरची ओढगस्त वाढते, नेमक्या त्याच वेळी तिची शाळा संपते! पुढची शाळा लांब, वाटेत रेल्वेचे फाटक नाहीतर हमरस्ता. मग ती घरी बसते. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी नेमके हेच दुखणे मांडले होते. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारला सुनावले होते. आज गळतीचे ठिकाण चौथीवरून पुढे सरकले आहे, पण गळणारी मुले कोणत्या वस्तीतली असतात, ते सांगायची गरज आहे काय?

मराठी माध्यमाच्या पालिका शाळांतील मुले गेली कित्येक वर्षे घटत आहेत. मुले घटली म्हणून वर्ग बंद, वर्ग बंद म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून आणखी मुले जातात. मग मराठीच्या नावाने गळा काढला जातो आणि दोष वस्तीतल्या आईबापांना दिला जातो. गळा काढणाऱ्यांची स्वतःची मुले कोणत्या माध्यमात आहेत? इंग्रजी हवी ही आपल्या आईबापांची मागणी चुकीची नाही. इंग्रजी ही सत्तेची आणि नोकरीची भाषा आहे, हे त्यांना अनुभवाने कळले आहे. मराठी शाळेत पहिलीपासून उत्तम इंग्रजी शिकवा, मुले कुठेही जाणार नाहीत. ते करायचे नाही आणि शाळा ओस पडल्याचे नक्राश्रू ढाळायचे, हा दुटप्पीपणा आहे.

शासनाची नियत ९ फेब्रुवारी २०२४ रोजीच कळून चुकली. खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा राखीव आहेत. त्या दिवशी नियम बदलून सांगण्यात आले की, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही सक्ती नाही. म्हणजे तुमच्यासाठी पालिकेची शाळा आहे ना, तिथेच राहा! मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला, हे बरे झाले. पण ज्यांनी तो केला त्यांना विचारले पाहिजे की, ती पालिकेची शाळा इतकी पुरेशी आहे तर तुमची नातवंडे तिथे का नाहीत? उत्तर प्रदेशात अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०१५ रोजी हाच मुद्दा पकडला होता. सरकारी पगार घेणाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत, असा आदेश दिला होता. तो कागदावरच राहिला. साहेबाचे मूल ज्या शाळेत बसते तिचे छप्पर गळत नाही, हे न्यायालयाला कळले, शासनाला कळत नाही असे नाही.

पैसा नाही ही सबब मुंबईत तरी चालणार नाही. २०२५-२६ साठी पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. शिक्षणासाठीची तरतूद सुमारे ३,९५५ कोटींची होती. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते. कष्टकऱ्यांच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो आणि कष्टकऱ्यांची मुले अडाणी राहतात, म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात ती अमलात आणली आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत बसवले. बाबासाहेब साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात आणि नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले. तिथे अपमान सोसावे लागले, पण ती त्या काळची नामांकित सरकारी शाळा होती. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात सर्वांसाठी समान, परिसरातील शाळा असावी असे सुचवले. ती शिफारस आजही धूळ खात पडली आहे.

आता थोडे आपल्याविषयी. आरक्षणाने ज्यांना नोकऱ्या मिळाल्या त्यांनी वस्ती सोडली, मुले कॉन्व्हेंटात घातली. त्याबद्दल त्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही. पण ज्या पालिका शाळेने त्यांना घडवले तिच्याकडे त्यांनी वळून तरी पाहिले काय? जयंतीच्या मंडपावर लाखो रुपये खर्च होतात आणि विहारासमोरच्या शाळेत शिक्षक नाही याची कोणाला खबर नसते. शिका हा आदेश केवळ आपल्या घरापुरता होता काय?

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. वंचित घटकांच्या पालकांनाही प्रमाणात स्थान द्यावे लागते. ही समिती कागदावर आहे की बैठका घेते, ते पाहा. शाखांनी आणि महिला मंडळांनी आपल्या विभागातल्या सर्व पालिका शाळांची यादी करावी. शिक्षक किती, मुले किती, पाणी, स्वच्छतागृह, आठवीनंतरची शाळा किती दूर, याची नोंद करावी. माहितीच्या अधिकारात मंजूर आणि रिक्त पदांची माहिती मागवावी. सीबीएसईच्या शाळेला काय मिळते आणि शेजारच्या मराठी, हिंदी, उर्दू शाळेला काय मिळते, ते शेजारी शेजारी मांडून विभाग कार्यालयावर धडकावे. मत मागायला दारात येणाऱ्यासमोर हाच कागद ठेवावा.

चांगली शाळा कोणती, हे विचारून एका मुलाची सोय होईल. आमच्या वस्तीची शाळा चांगली का नाही, हे विचारले तर सगळ्या मुलांची होईल. हा प्रश्न एकट्याने विचारून चालणार नाही, संघटित होऊनच विचारावा लागेल.