पाण्याखालची चिमणी

सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी १५ जून २०२३ रोजी काही क्षणांत जमीनदोस्त झाली. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला तिचा अडथळा होतो, यावरून आंदोलनं झाली, उपोषणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. पुढे ९ जून २०२५ रोजी गोव्याचं विमान सुरू झालं. वाद कितीही चिघळला तरी त्यात एक सोय होती. चिमणी दिसत होती. तिची उंची मोजता येत होती, तिच्या बाजूने आणि विरुद्ध बोलता येत होतं.

तळ्यावर विमान उतरवायचं झालं, की नेमकी ही सोय जाते.

अलास्कातल्या अँकरेज शहरात लेक हूड नावाचं तळं आहे. उन्हाळ्यात तिथे छोटी विमानं पाण्यावर तरंगवणाऱ्या तरंडांवर उतरतात. हिवाळ्यात पाणी गोठलं, की तीच विमानं पायांत स्की घालून बर्फावर धावतात. धावपट्टी निसर्ग फुकट देतो, पण तिची हमी देत नाही. ती पारख वैमानिकाने स्वतः करायची. त्यासाठी कॅनडातले संशोधक लॉर्न गोल्ड यांनी १९७१ मध्ये मांडलेलं एक सोपं गणित आजही वापरात आहे. बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि चारने गुणा. उत्तर येईल तेवढे किलो तो बर्फ पेलेल. २० सेंटिमीटर बर्फ १,६०० किलो पेलतो, म्हणजे भरलेलं सेसना १८५ विमान त्यावर कसंबसं बसतं. ५,६७० किलोच्या ट्विन ऑटरला मात्र ३८ सेंटिमीटर लागतात.

गणित सोपं आहे, बर्फ तसा नाही. हा हिशेब निळसर, नितळ बर्फाचा. बर्फवृष्टी भिजून गोठली की पांढरा बर्फ होतो. त्याची ताकद निम्मीच धरायची. वसंतात तर जाडी तशीच राहते, पण आतून बर्फाच्या उभ्या कांड्या सुट्या होत जातात. मापात बसणारा बर्फ वजनात बसत नाही. जिथे ओढा येऊन मिळतो तिथे प्रवाह बर्फ खालून खात असतो. शिवाय चालत्या वजनासाठी जो बर्फ पुरतो, तो तासन्‌तास उभ्या विमानाखाली हळूहळू खचू शकतो.

बर्फ टिकला तरी धोके संपत नाहीत. स्कीला ब्रेक नसतात. हिमाच्या थराखाली पाणी साचून चिखल झालेला असतो, तो वरून दिसत नाही आणि विमान त्यात रुततं. उतरताना घर्षणाने तापलेली स्की थांबल्यावर बर्फाला चिकटून बसते, म्हणून जाणते वैमानिक तिच्याखाली फांद्या किंवा फळ्या सारतात. सर्वांत फसवा असतो तो प्रकाश. आभाळ ढगाळ आणि खाली सगळं पांढरं असलं, की सावली पडत नाही आणि जमीन किती खाली आहे हेच डोळ्यांना कळत नाही.

उन्हाळ्यात ४५ अंशांना टेकणाऱ्या सोलापूरला या बर्फाचं काय, असं कुणी विचारेल. संबंध त्या ट्विन ऑटरचाच आहे. अंटार्क्टिकात स्कीवर उतरणारी विमानाची ही जात ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तरंड लावून केवडिया-अहमदाबाद जलविमान सेवेत दाखल झाली. ती सेवा २०२१ च्या एप्रिलमध्ये थांबली. त्याआधी २०१४ मध्ये जुहूहून पवना धरणावर जलविमान नेण्याचा प्रयोग आपल्याकडे झाला, तोही टिकला नाही. तरीही धरण दिसलं की जलविमानाचं स्वप्न पडतंच. आणि सोलापूरकरांच्या डोळ्यांसमोर धरण म्हणजे उजनी.

बर्फावर पांढरा प्रकाश जे करतो, ते उजनीवर वारा पडलेली सकाळ करते. पाणी आरशासारखं झालं, की त्यात आभाळच दिसतं, पृष्ठभाग दिसत नाही. वैमानिकाला अंदाजाने नव्हे, तर उपकरणांकडे बघत ठरावीक संथ गतीने खाली यावं लागतं. जमिनीवर आणि पाण्यावरही उतरू शकणाऱ्या विमानाची चाकं चुकून बाहेर राहिली, तर पाण्याला टेकताच ते पालथं होतं.

उजनीची पातळीही बर्फाच्या जाडीइतकीच चंचल. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. त्यामुळेच ‘धरण मायनसमध्ये गेलं’ हे वाक्य आपल्याला नवं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ६० टक्क्यांच्या आसपास पोचलं होतं. पाणी असं उतरलं, की पळसदेवच्या बुडालेल्या देवळाचं शिखर वर येतं आणि लोक ते पाहायला जातात. विमानासाठी देऊळ पूर्ण उघडं असणं धोक्याचं नाही. ते वीतभर पाण्याखाली असतं, तो दिवस धोक्याचा. तीच पाण्याखालची चिमणी.

वरही वर्दळ असते. भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तिबेट-मंगोलियाकडची तळी गोठू लागली, की पट्टकादंब हिमालय ओलांडून याच पाण्यावर येतात. हवाई पर्यटनाला सोयीचा हंगाम आणि पक्ष्यांचा हंगाम एकच. आणि वाऱ्याचं काय? २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. त्या पाण्याचा स्वभाव आपण किंमत मोजून शिकलो आहोत.

म्हणून उद्या कुणी उजनीवर विमान उतरवण्याची घोषणा केली, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन कागद मागावेत: प्रत्येक पातळीला तळाची खोली दाखवणारा नकाशा, पक्ष्यांच्या हालचालींची महिनावार नोंद आणि तासातासाच्या वाऱ्याची मोजणी. उत्तरेतला वैमानिक उतरण्याआधी बर्फाला भोक पाडून जाडी बघतो. आपल्याकडे धरणाच्या भिंतीपाशी रोज मोजली जाणारी टक्केवारी त्या भोकाची जागा घेऊ शकत नाही. होटगी रस्त्यावरची चिमणी पाडता आली. पळसदेवचं शिखर पाडायचं नाही, पण त्यावर किती पाणी आहे हे वैमानिकाला उतरण्याआधी माहीत असलंच पाहिजे.