बिल्डवरच्या तारखेची पन्नास वर्षं

कोड लिहून झाला की त्याचं बिल्ड होतं आणि बिल्ड स्क्रिप्ट जाता जाता त्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारते. स्क्रिप्टमधली ही जेमतेम एक-दोन ओळींची गोष्ट. रिव्ह्यूमध्ये तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. पण रात्री ग्राहकाकडचा सर्व्हर बंद पडतो तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो, की तिथे नेमकं कुठलं बिल्ड चालू आहे. उत्तर शोधायला हाताशी असतो तो हाच शिक्का. गेल्या पन्नास वर्षांत या शिक्क्याकडून असलेली अपेक्षा पार बदलली. आधी त्यानं ‘हे कधी बनलं’ एवढं सांगितलं तरी पुरायचं. आज त्यानं ‘हे कशापासून बनलं’ ते सांगावं लागतं. हा बदल कसकसा होत गेला, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात ‘मेक’पासून करावी लागते. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं. निमित्त झालं त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांच्या वैतागाचं. जॉन्सन यांची अख्खी सकाळ एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात वाया गेली होती. चूक आधीच दुरुस्त झाली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. मेकनं यावर साधा नियम बसवला: सोर्स फाइलची वेळ तिच्यापासून बनलेल्या फाइलच्या वेळेपेक्षा नवी असेल, तर ती पुन्हा बनवायची. बिल्डचा सगळा निर्णय दोन वेळांच्या तुलनेवर आला. या कामासाठी फेल्डमन यांना २००३ मध्ये एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

एका मशीनवर हा नियम चोख चालला. फाइल्स नेटवर्कवरच्या सर्व्हरवर गेल्या आणि दोन मशीनची दोन घड्याळं समोरासमोर आली. सर्व्हरचं घड्याळ काही सेकंद पुढे असलं, तर आत्ताच सेव्ह केलेली फाइल ‘भविष्यातली’ ठरायची. ग्नू मेक आजही अशा वेळी बजावतं, की घड्याळांत तफावत आहे, बिल्ड अपुरं राहिलेलं असू शकतं. ज्यांनी ही सूचना दुर्लक्षून पुढे रिलीज केलं, त्यांना तिचा अर्थ नंतर नीट कळला. वेळ हा पुरावा असतो, पण तो घड्याळाइतकाच भरवशाचा असतो.

१९८९ मध्ये सी भाषेचं मानक आलं आणि कंपायलर स्वतःच तारीख-वेळ प्रोग्रॅममध्ये भरून देऊ लागला. कोडमध्ये ‘डेट’ आणि ‘टाइम’ या दोन मॅक्रोंची नावं लिहिली, की कंपाइल झाल्याचा क्षण बायनरीत कोरला जायचा. त्याचा साचा ठरलेला होता: आधी महिन्याची तीन इंग्रजी अक्षरं, मग दिवस, मग वर्ष. दिवस एका आकड्याचा असेल तर शून्याच्या जागी स्पेस. माणसाला वाचायला हे ठीक होतं. पण अशा तारखांच्या फाइल्स नावानुसार लावल्या, की एप्रिल सगळ्यांत वर आणि सप्टेंबर तळाशी. वर्ष, महिना, दिवस असा मोठ्याकडून लहानाकडे जाणारा क्रम आयएसओ ८६०१ या मानकानं १९८८ मध्येच सांगितला होता. बिल्ड स्क्रिप्टांच्या अंगवळणी तो पडायला बरीच वर्षं गेली.

जावाच्या जगात हा क्रम रुळवण्याचं श्रेय बऱ्याच अंशी ‘अँट’ला द्यायला हवं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी टॉमकॅट बनवता बनवता हे साधन तयार केलं. त्याची १.१ आवृत्ती जुलै २००० मध्ये स्वतंत्रपणे बाहेर आली. त्यात ‘टीस्टॅम्प’ नावाचं एक छोटं टास्क होतं. ते एकदा चाललं की तीन गोष्टी तयार मिळायच्या: सलग आठ आकड्यांची तारीख, चार आकड्यांची वेळ आणि माणसानं वाचावी अशी तारीख. पुढे आपल्याला हवा तो साचा, लोकेल आणि टाइमझोनही देता येऊ लागला. त्या काळातल्या किती तरी झिप आणि जार फाइल्सच्या नावाच्या शेपटाला हीच आठ आकड्यांची तारीख असायची.

विंडोजच्या बॅच फाइल्सना एवढीही सोय नव्हती. तिथे ‘डेट’ नावाचं व्हेरिएबल होतं, पण त्यातला मजकूर कंट्रोल पॅनलमधल्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे बदलायचा. म्हणून लोक अक्षरं मोजून तुकडे कापायचे. अमेरिकी सेटिंगवर १४ ऑगस्ट २००८ ही तारीख वार, महिना, दिवस, वर्ष अशी दिसायची. पहिली दहा अक्षरं सोडून पुढची चार घेतली की वर्ष, चार सोडून दोन घेतली की महिना, सात सोडून दोन घेतली की दिवस. तीन तुकडे जोडले की २००८०८१४. अगदी बिनचूक. तीच स्क्रिप्ट पुण्यातल्या मशीनवर आली की समोर असायचं १४-०८-२००८. ही मुळात दहाच अक्षरं, त्यामुळे वर्षाच्या जागी काहीच उरायचं नाही. महिन्याच्या जागी ‘८-’ आणि दिवसाच्या जागी ‘००’ यायचं. फाइलच्या नावात जायचं ‘८-००’. स्क्रिप्ट मात्र कुठलीही एरर न देता पूर्ण व्हायची. त्यात भर म्हणजे सकाळी दहाच्या आधीच्या वेळेत तासाच्या जागी पुढे स्पेस यायची, म्हणून नऊचं बिल्ड फसायचं आणि अकराचं नीट व्हायचं. अमेरिकेतल्या टीमनं लिहिलेली स्क्रिप्ट भारतात चालवणाऱ्या एका पिढीनं हे सोसलं आहे. यात दोष ना त्या टीमचा होता ना इथल्या टीमचा. माणसाला दाखवायची तारीख आणि मशीननं वाचायची तारीख एकाच ठिकाणाहून घेतली जात होती, आणि मूळ चूक तीच होती.

साच्यांची अक्षरंही तेवढीच फसवी निघाली. जावात कॅपिटल एम म्हणजे महिना आणि स्मॉल एम म्हणजे मिनिट. कॅपिटल एच चोवीस तासांचं, स्मॉल एच बारा तासांचं. सगळ्यांत घातक ठरला तो वाय. स्मॉल वाय म्हणजे नेहमीचं वर्ष. कॅपिटल वाय २०११ पर्यंत जावाला मान्यच नव्हता, लिहिला की लगेच एरर यायची. जावा ७ आलं आणि त्याला ‘आठवड्याचं वर्ष’ असा अर्थ मिळाला. वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस दोन्ही अक्षरं एकच उत्तर देतात. फरक पडतो तो वर्षाच्या टोकाच्या आठवड्यात. सोमवार, २९ डिसेंबर २०१४ हा दिवस आठवड्यांच्या हिशेबात २०१५ च्या पहिल्या आठवड्यात जातो, म्हणून कॅपिटल वाय वापरणाऱ्या स्क्रिप्टनं त्या दिवशी २०१५-१२-२९ असा शिक्का मारला असता. त्याच सुमारास ट्विटरच्या अँड्रॉइड ॲपमधून लोक आपोआप लॉगआउट झाले होते आणि ट्विटरचे सर्व्हर वर्ष २०१५ सांगत होते, हे तेव्हा बातम्यांत आलं होतं. ऐन नाताळच्या सुट्टीत, निम्मी टीम घरी असताना उगवणारी चूक पकडणं फार अवघड असतं.

मग टाइमझोनचा प्रश्न. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. जावाच्याच मेव्हन या बिल्ड साधनानं २०१४ च्या ३.२.२ आवृत्तीपासून बिल्डची वेळ यूटीसीत द्यायला सुरुवात केली. त्यामुळे १५ ऑगस्टला पहाटे चार वाजता पुण्यात झालेल्या बिल्डवर १४ ऑगस्ट, २२:३० असं उमटू लागलं. अनेकांना हा बग वाटला. खरं तर निर्णय योग्य होता. पुणे, लंडन आणि कॅलिफोर्नियातली मशीन्स एकाच प्रॉडक्टचं बिल्ड करतात तेव्हा आधी कोण आणि नंतर कोण, हे एकाच घड्याळावर ठरायला हवं.

याच्या जोडीला लोकेलचा एक प्रश्न थेट मराठीचा आहे. २०१७ मध्ये जावा ९ नं तारखा-आकड्यांसाठी युनिकोडचा सीएलडीआर हा माहितीसंच मूळ म्हणून घेतला. त्यात मराठीचे आकडे देवनागरी आहेत आणि ते तसेच हवेत. पण विंडोज मराठीत ठेवणाऱ्या एखाद्याच्या मशीनवर जुन्या पद्धतीनं, लोकेल न सांगता तारीख बनवली, तर फाइलच्या नावात देवनागरी आकडे येतात. पुढची स्क्रिप्ट इंग्रजी आकडे शोधत असते, तिला काहीच सापडत नाही. म्हणून कुणी आपलं मशीन मराठीतून इंग्रजीत न्यावं, हा उपाय मला कधीच पटला नाही. स्क्रिप्टनं लोकेल स्पष्ट लिहावं. आपल्या भाषेत मशीन वापरणं हा गुन्हा नाही.

तोवर दुसरीकडे मोठी उलथापालथ सुरू झाली होती. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग व्याख्यानात दाखवलं होतं, की कंपायलरच बिघडवलेला असेल, तर निव्वळ सोर्स वाचून बायनरीची खात्री देता येत नाही. त्यावर एक उपाय असा, की वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या मशीनवर तोच सोर्स बिल्ड करावा आणि बिट न् बिट जुळवून पाहावा. २०१३ च्या सुमाराला टॉर ब्राउझर आणि डेबियन यांनी हे काम मनावर घेतलं. वाटेत ठिकठिकाणी आडवी आली ती तारीख. तोच कोड, तोच कंपायलर, पण आतला शिक्का वेगळा, म्हणून फाइल वेगळी. इतकी वर्षं ज्याला पुरावा मानलं, त्यानंच खात्री करून घेणं अशक्य करून ठेवलं होतं.

उत्तर २०१५ मध्ये ‘सोर्स डेट इपॉक’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या रूपानं आलं. यात १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असतात, पण ते आत्ताच्या घड्याळाचे नसतात. ते सोर्समध्ये झालेल्या शेवटच्या बदलाचे असतात. डेबियन ते पॅकेजच्या चेंजलॉगमधल्या ताज्या नोंदीवरून घेतं. बाकीचे बहुतेक जण गिटमधल्या शेवटच्या कमिटवरून घेतात. २०१७ मध्ये जीसीसी ७ नं हे व्हेरिएबल मानायला सुरुवात केली आणि सी भाषेतला तो जुना ‘डेट’ मॅक्रोही ओळीत आला. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्झिक्युटेबल फाइलच्या हेडरमधल्या वेळेच्या जागी चक्क हॅश ठेवला. निक्स हा पॅकेज मॅनेजर तर आपल्या स्टोअरमधल्या प्रत्येक फाइलची वेळ १९७० चा पहिला सेकंद अशीच ठेवतो. मात्र झिपची तारीख १९८० पासून सुरू होते, त्यामुळे अशा फाइल्स झिप करताना पायथननं नकार दिल्याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

औषधाच्या पाकिटावर उत्पादनाच्या तारखेसोबत बॅच नंबर असतो आणि माल परत मागवताना शोध घेतला जातो तो बॅच नंबरावरून. बिल्डलाही तेच लागू आहे. आवृत्ती आणि कमिटचा हॅश ही खरी ओळख. तिच्यासोबत कमिटची वेळ असावी, वर्ष आधी, यूटीसीत, लोकेल ठरवून. कमिटची वेळही कुणाच्या तरी घड्याळाचीच असते, पण एकदा नोंदली की ती सगळ्यांसाठी तीच राहते. बिल्ड प्रत्यक्ष कोणत्या मशीनवर, किती वाजता झालं, हेही हवंच. त्याची जागा सीआयच्या नोंदीत आहे, फाइलच्या पोटात नाही.

पुढची कसोटीही ठरलेली आहे. १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ३२ बिटांत मावणारे सेकंद संपतील. त्यानंतर जुनी साधनं थेट डिसेंबर १९०१ मध्ये जातील आणि वेळांची तुलना करून चालणारं प्रत्येक बिल्ड तिथे चुकेल. मीटर, राउटर, कारखान्यातले कंट्रोलर यांच्यासाठी आज लिहिल्या जाणाऱ्या स्क्रिप्टांपैकी काही तेव्हाही चालू असतील. त्यातली तारखेची ओळ आजच उघडून वाचायला हवी. तेवढा वेळ आपल्याकडे आहे आणि काय तपासायचं, हे या पन्नास वर्षांनी आपल्याला पुरेसं शिकवलं आहे.