गोळी चहाबरोबर नको

चिखली, तळवडे, भोसरी परिसरात पहिल्या पाळीला निघताना चहाच्या घोटाबरोबर गोळी घेणारे अनेक आहेत. ही सवय बरी नव्हे. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते. रक्तवाढीची गोळी मग बरीचशी वायाच जाते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या-एक तासाने. दुधातील कॅल्शियम टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांना अडवते.

उलट प्रकारही घडतो. मद्य आणि फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावरील प्रयोगात कॅनडातील संशोधकांनी मद्याची चव लपवण्यासाठी पपनसाच्या जातकुळीतील ग्रेपफ्रूटचा रस वापरला, तर रक्तातील औषधच अनपेक्षितपणे वाढलेले आढळले. हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी मात्र पालक-मेथी सोडू नये. प्रमाण सारखे ठेवावे. त्यातील के जीवनसत्त्व अचानक वाढल्यास औषधाचा जोर ओसरतो आणि गुठळीचा धोका संभवतो.